मलकपेठचे आजोळ

गेल्या चैत्रात, वार्षिक परीक्षा तोंडावर आली असता, सातवीच्या मुलांना मी ‘माझे आजोळ’ हा निबंध घातला. विषय जुनाच; पण मुले त्यावर मनापासून लिहितात, असा माझा अनुभव आहे. यंदा आमच्या मराठी शाळेच्या सातवीत अकराच मुले आहेत. त्यांतली मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, आजोळ भाड्याचे असले तर चालते का? आमचे आजोबा निजामाबादला भाड्याच्या खोलीत राहतात.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. “चालते,” एवढेच म्हणून मी खडू खाली ठेवला. त्या दिवशी शाळा सुटल्यावरही तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. कारण मुसी नदीच्या पलीकडचे, मलकपेठेतले माझे आजोळही भाड्याचेच होते, आणि ही गोष्ट वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हती.

आम्ही भैंसा गावचे. एप्रिलच्या अखेरीस शाळेला सुटी लागली की आई ट्रंक भरू लागे. भैंशाहून बसने तास-दीड तासात बासर गाठायचे आणि तेथून मनमाडकडून येणारी मीटर गेजची गाडी धरायची. बासर सोडताच गाडी गोदावरीच्या पुलावर येई. आई आमच्या हातांत एकेक पैसा ठेवी. आम्ही तो नदीत टाकून हात जोडत असू. उन्हाळ्यातली क्षीण गोदावरी मागे पडली की मग निजामाबाद, कामारेड्डी, बोलारम अशी स्टेशने मोजत दिवस सरे. घुमट-मिनारांचे काचीगुडा स्टेशन दिसले, की आईचा चेहरा पालटे. भैंशात ती सून होती; काचीगुड्याच्या फलाटावर पाऊल ठेवताच ती मुलगी होई. आबा, म्हणजे आमचे आजोबा, काळी टोपी व पांढरे धोतर अशा वेषात फलाटावर उभे असत. ते कधी उशिरा आले नाहीत. गाडी मात्र वेळेवर आल्याचे फारसे आठवत नाही.

दोन सायकलरिक्षा ठरत. चादरघाटच्या पुलावर आबा रिक्षावाल्याला क्षणभर थांबायला सांगत. बंधाऱ्यावरून पसरून पडणारे पाणी चादरीसारखे दिसे म्हणून हे चादरघाट, असे ते दर वर्षी सांगत आणि दर वर्षी आम्ही नव्याने ऐकत असू. मग १९०८ सालच्या महापुराची कथा निघे. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला मुसीने हजारो माणसे नेली, आणि पुढे तिला आवर घालण्यासाठी उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे बांधली गेली. पुलाखालच्या त्या मरगळलेल्या ओहळाकडे पाहून आम्हांला ते खरे वाटत नसे. “नदी आणि सरकार यांना लहान समजू नये,” असे आबा म्हणत. निजामाच्या महसूल खात्यात त्यांची हयात गेली होती.

पूल ओलांडला की मलकपेठ. कुतुबशाहीतील मलिक याकूब नावाच्या सेवकावरून या पेठेला हे नाव मिळाले, असे सांगतात. पण पुढच्या काळात हा भाग शहरातल्या बड्या लोकांची हवा खाण्याची जागा झाला. सहावे निजाम महबूब अली खान यांचा महबूब मॅन्शन हा महाल येथे होता, आणि १८८६ साली त्यांनी मौलाअलीच्या घोड्यांच्या शर्यती मलकपेठेत आणल्या. त्याच सुमारास सर आसमान जाह यांनी पलीकडच्या टेकडीवर आसमानगढ बांधला. तो दगडी, बुरुजांचा, युरोपातल्या जुन्या किल्ल्यासारखा आहे. नावाप्रमाणेच आभाळाला टेकलेला! लहानसहान जहागीरदारांनीही मग आपापल्या ऐपतीप्रमाणे येथे बागबंगले उठवले. उन्हाळ्यात शहराची गर्दी सोडून यायचे, चार दिवस आंब्याच्या सावलीत काढायचे आणि परत जायचे, अशी ती रीत.

आमचे आजोळ अशाच एका बागबंगल्याच्या आवारात होते. बंगला मधोमध, जाड भिंतींचा, उंच छताचा, गिलावा सुटलेला. त्याच्या मागे, विहिरीच्या अंगाला, ओळीने बांधलेल्या तीन कौलारू खोल्या आणि पुढे लांब ओटा, एवढे आमचे घर. ओट्यासमोर आंब्याचे मोठे झाड आणि कोपऱ्यात चमेलीचा वेल. बंगल्याच्या व आमच्या अंगणामध्ये कमरेइतकी भिंत होती आणि तिच्यात एक लाकडी दिंडी. ती दिवसा उघडी असे व रात्री दोन्ही बाजूंनी कडी लागे.

बंगल्यात एक वृद्ध विधवा बाई राहत. आबा त्यांना ‘बेगमसाहेबा’ म्हणत आणि त्या आबांना ‘मुन्शीजी’ म्हणत. आमच्या माईला, म्हणजे आजीला, त्या नुसते ‘बाई’ म्हणत. बोलणे दिंडीशी होई. माईला उर्दू वाचता येत नसे, पण बोलताना ती अडत नसे. बेगमसाहेबांना मराठी बोलता येत नसे, पण माईने लोणच्याला मोहरी किती घातली हे त्यांना नेमके कळे. आमच्याकडून पुरणपोळी जाई, तिकडून रमजानात शिरखुर्म्याची वाटी येई. माई ती वाटी आम्हां मुलांना देऊन टाके, स्वतः खात नसे. पण रिकामी वाटी तिने कधी परत पाठवली नाही.

दिवस पहाटेच सुरू होई. शर्यतीचे मैदान जवळच होते. मध्यंतरी कित्येक वर्षे बंद पडलेल्या शर्यती १९६८पासून तेथे पुन्हा सुरू झाल्या होत्या. उजाडताना मोतद्दार घोड्यांना फिरवून आणत. टापांचा आवाज कानी आला की आम्ही अंथरुणातून उठून फाटकाशी धावत असू. घोड्यांच्या अंगातून वाफ निघे. शर्यत म्हणजे काय हे आम्हांला कोणी सांगितले नाही. ‘जुगार’ हा शब्द माईने त्या घरात उच्चारू दिला नसता. आमच्या लेखी ते घोडे केवळ आम्हांला दिसावेत म्हणून रोज निघत.

दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारणे हे माझे काम. आबा तक्क्याला टेकून आधी उर्दू ‘सियासत’ वाचत, मग इसामिया बाजारातील मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेले पुस्तक माईला मोठ्याने वाचून दाखवत. ती मिरच्या निवडत ऐके. एखादा प्रसंग तिला पटला नाही तर ती लेखकाला रागावे आणि आबा लेखकाची बाजू घेत. मी पुढे मराठी घेऊन एम. ए. झालो. टीकेची पुस्तके पुष्कळ वाचली. पण वाङ्मयावर चर्चा मी प्रथम ऐकली ती त्या कौलांखाली.

रात्री अंगणात पाणी शिंपून बाजा टाकल्या जात. भिजल्या मुरमाचा आणि चमेलीचा वास मिसळून येई. आज कोणी मला सुटी म्हणजे काय विचारले, तर मी तो वास सांगेन.

आता तो अकराव्या वर्षाचा प्रसंग. १९८१ सालचा मे महिना असावा. बेगमसाहेबांचा नातू माझ्याच वयाचा. आमची मैत्री आणि भांडण रोजचेच होते. आंब्याचे झाड आमच्या अंगणात, म्हणून आंबे आमचे, असे मी त्याला बजावले. तो भिंतीवर बसला होता. तेथूनच म्हणाला, “आम भी हमारे हैं, और ये मकान भी हमारा है. तुम्हारे नाना किराया देते हैं.”

मी त्याला ढकलले. तो पडला, त्याचे कोपर फुटले. रडायला मात्र मी लागलो. आबांकडे धावलो आणि म्हणालो, “आबा, तो खोटे बोलतो ना?”

आबांनी प्रथम मला दिंडीतून पलीकडे नेले आणि क्षमा मागायला लावली. बेगमसाहेबा काही बोलल्या नाहीत. नातवाच्या कोपराला हळद लावत होत्या. परत आल्यावर आबा म्हणाले, “तो खरे बोलला. चप्पल घाल, आपण फिरून येऊ.”

आम्ही बरेच चाललो आणि आसमानगढाच्या बाजूच्या टेकडीवर चढलो. तेथे रेमंड या फ्रेंच सेनापतीची समाधी आहे. काळ्या दगडाचा उंच, वर निमुळता होत गेलेला स्तंभ, आणि त्यावर त्याच्या नावाची आद्याक्षरे. दुसऱ्या निजामाच्या नोकरीत हा मनुष्य वाढला. गनफाउंड्री भागातला ‘तोप का साँचा’ हा तोफांचा कारखाना त्याचाच. १७९८ साली तो येथेच मरण पावला. हिंदूंनी त्याचा ‘मूसाराम’ केला, मुसलमानांनी ‘मूसारहीम’. मूसारामबाग हे मोहल्ल्याचे नाव त्याच्यावरूनच पडले.

“१७९५ साली खर्ड्याच्या लढाईत हा आपल्या विरुद्ध होता,” आबा म्हणाले. “मराठे जिंकले. पण आता बघ, जिंकलेल्यांचे वंशज याच्या बागेशेजारी भाड्याने राहतात, आणि याच्या नावावर येथे वीतभर जमीन उरलेली नाही. तरी बाग याचीच.”

मला ते नीट कळले नाही. मी पुन्हा विचारले, “म्हणजे आपले घर आपले नाही?”

आबांनी थोडा वेळ घेतला. मग महसुली भाषेतच उत्तर दिले. “पट्टा त्यांचा आहे, वहिवाट आपली आहे. पट्टा कागदावर असतो, तो पेटीत ठेवला तरी चालतो. वहिवाट दर वर्षी करावी लागते. एक वर्ष पडीक टाकली की गेली.”

त्या रात्री त्यांनी लाल रुमालात बांधलेले दफ्तर सोडून मला किरायाच्या पावत्या दाखवल्या. पहिली १९५० सालची, उर्दूत लिहिलेली. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि अशा कित्येक कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी आटले. बेगमसाहेबांच्या घरच्यांनी मग आवारातला शागिर्दपेशा, म्हणजे नोकरांच्या राहण्याच्या खोल्या, भाड्याने द्यायचे ठरवले. नोकर तोवर निघून गेलेच होते. आबांच्या दफ्तरात त्याच जहागिरी खालसा झाल्याच्या मिसलींच्या नकला चालू होत्या. ज्या हाताने त्या नकला उतरवल्या, त्याच हाताने त्यांनी पहिल्या महिन्याचे चौदा रुपये हाली मोजून दिले. हाली म्हणजे निजामाचा सिक्का. सात हालींचे सहा कलदार होत, म्हणजे भाडे बारा कलदार. आमचे आजोळ नोकरांच्या खोल्यांत होते, हेही मला त्याच रात्री कळले. नवल असे, की दुसऱ्या सकाळी ते मुळीच लहान दिसले नाही.

आणखी एक कागद त्या रुमालात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. सरकारी नोकरांना कोठे जायचे, ही पसंती विचारली गेली. आबांचे धाकटे भाऊ औरंगाबादेस गेले. आपल्या भाषेचे राज्य येत असताना तुम्ही मागे कसे राहता, असे त्यांनी आबांना पत्रातून विचारले होते. ते पत्र आबांनी जपून ठेवले होते. उत्तराची नक्कल मात्र नव्हती. मुलांची विवेकवर्धिनी शाळा सुटेल, असे त्यांनी माईला सांगितले होते म्हणे. कचेरीत त्यांनी वेगळे कारण दिले. खरे कारण कोणते, हे आम्हांला कोणालाच माहीत नव्हते.

पुढे मामांना पुण्यास नोकरी लागली आणि ते तिकडेच स्थिरावले. आबा-माई थकले. १९८८ साली मामा त्यांना न्यायला आले. त्या वेळी मी हैदराबादेस शिकत होतो, म्हणून सामान बांधायला गेलो. आबांनी सामान बांधायच्या आधी गवंडी बोलावला. तिन्ही खोल्यांना चुना दिला, दोन फुटकी कौले बदलली आणि दिंडीची खिळखिळी बिजागरी नवी बसवली. “जाताना कोणी घर दुरुस्त करते का?” मामा चिडून म्हणाले. आबा ऐकत नव्हते.

किल्ली आणि शेवटच्या महिन्याचे पैसे घेऊन ते दिंडीशी उभे राहिले. बेगमसाहेबांनी किल्ली घेतली. पैसे परत केले. “आखिरी महीने का किराया हम नहीं लेंगे, मुन्शीजी,” असे म्हणून त्या आत गेल्या. अडतीस वर्षांत आबांनी कर्ज म्हणून कोणाकडून एक पैसा घेतला नव्हता. ते पैसे हातात धरून ते बराच वेळ तसेच उभे होते.

माईने चमेलीची दोन छाटणी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या आईकडे भैंशाला पाठवली. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर ती कोठे लावणार? आमच्या काळ्या मातीत ती जगली नाहीत. आईने पुढल्या वर्षी दुसरी मागवायचे म्हटले, पण तोवर बंगला विकला गेला होता.

पुण्यात आबांना कसलीच उणीव नव्हती. मराठी वर्तमानपत्र दारात येई, भाजीवाली मराठी बोले, दुकानांच्या पाट्या मराठी होत्या. तरी ते गप्प झाले. ‘दरख्वास्त’, ‘मिसल’ असे शब्द त्यांच्या तोंडी आले की शेजारी गंमतीने हसत आणि विचारत, “आजोबा, तुम्ही मूळचे मराठीच ना?” मी १९९१ साली भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “टेकडीवर गेला होतास का?” मग इतक्या वर्षांचा माझा प्रश्न मी विचारला: “आबा, १९५६ साली तुम्ही का गेला नाहीत?”

ते म्हणाले, “तिथे मराठी बोलायचे तर रोज ठरवून बोलावे लागे. घरात, वाचनालयात, गणपतीत. इथे कोणाला ठरवावे लागत नाही. ज्याला ठरवावे लागत नाही, त्याचा मला धाक वाटत असे.” पुढल्या वर्षी ते गेले, आणि सहा महिन्यांनी माई.

गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणासाठी हैदराबादेस गेलो असताना एक दुपार मोकळी मिळाली. २०१८पासून मलकपेठेला मेट्रोचे स्टेशन झाले आहे. ज्या पुलावर आबा रिक्षा थांबवत, तेथली मुसी मी उंचावरून, थंडगार डब्यातून काही क्षणांत ओलांडली. शर्यतीचे मैदान आहे तेथेच आहे. महबूब मॅन्शनच्या परिसरात बाजार भरतो आणि कांद्याच्या गोण्यांचे ढीग लागतात. राजाच्या महालाची आठवण आता बाजाराच्या नावापुरती. आसमानगढाच्या वास्तूत शाळा भरते, हे पाहून माझ्यातला मास्तर सुखावला. आमच्या आवाराच्या जागी मात्र मोठी इमारत आहे. विहीर कोठे होती, याचा अंदाज मला बांधता आला नाही. खाली उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने कोण पाहिजे म्हणून विचारले. कोणाचे नाव सांगणार? मी टेकडीची वाट धरली.

रेमंडची समाधी उभी आहे. तिच्या पुढचा खांबांचा मंडप २००१ सालच्या पावसात कोसळला होता, तो नंतर पुन्हा उभारला गेला. भोवती घरांची दाटी झाली आहे. काही मुले तेथे क्रिकेट खेळत होती. मी त्यांना विचारले, “हे कोणाचे?” एक म्हणाला, “मूसाराम का.” तोफा, खर्डा, निजाम यांतले काही त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नाव मात्र त्याने अचूक सांगितले.

माझी निवृत्ती फार दूर नाही. मुलगा पुण्यास असतो आणि तिकडे या म्हणतो; प्रेमानेच म्हणतो. मी अजून काही ठरवलेले नाही. आमच्या शाळेत पुढल्या वर्षी सातवीत किती मुले येतील, ते आधी पाहायचे आहे.

त्या मुलीचा निबंध मी सर्वांत शेवटी तपासला. पहिलेच वाक्य होते: “माझे आजोळ भाड्याचे आहे आणि तिथे एकच खोली आहे, पण आम्ही सर्व मावतो.” पुढे आजोबांची इस्त्रीची गाडी होती, शेजारच्या तेलुगू बाईंनी शिकवलेले चिंचेचे लोणचे होते, गच्चीवरची झोप होती. मी दहांपैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनासाठी कापला. आबांनी तोही कापला नसता.